सायलेन्सरमधून आग फेकणारं मॉडिफिकेशन रोजच्या गाडीत सुरक्षित असतं का?

नाही, रस्त्यावरच्या गाडीत अजिबात नाही. ती ज्वाळा म्हणजे इंजिनात न जळता पुढे गेलेलं पेट्रोल. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रिमॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही पेट्रोल चालू ठेवतात किंवा सायलेन्सरच्या टोकाच्या नळीत ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग बसवतात. हेच पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) पेटलं की आतली सिरॅमिकची जाळी वितळून चोक होते, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हही भाजतात. मागे बंपर प्लास्टिकचा, आणि सिग्नलला त्याला चिकटून बाइकवाला उभा! शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल बेकायदा. कलम 182अ खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा कंपनीलाही क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. रॅलीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी: तिथे टर्बो फिरता ठेवण्यासाठी अँटी-लॅग असतं, त्याच्या ज्वाळा दिसतात, पण टर्बो-एक्झॉस्टचे भाग झिजणार हे धरूनच टीम चालते.