वहीचे फोटो तिला विचारून काढलेत का?

पत्र (संक्षेपाने): मुलगी बारावी कॉमर्सला आहे. सीए फाउंडेशनची नोंदणी केली आहे, पण रात्री बारापर्यंत मोबाइलवर कॉमिक वाचते आणि वहीत त्यांची परीक्षणं लिहिते. स्वतःला सरळ रेघ ओढता येत नाही, दुसऱ्यांच्या चित्रांवर काय बोलणार? वहीचे फोटो पाठवतो. तुमचं ऐकेल, समजवा. – एक वडील, भांडुप

उत्तर: मला मोबाइल खटकला नाही, ते फोटो खटकले. दोन फोटोंत वही तिच्या उशाशीच आहे. म्हणजे ती झोपल्यावर काढलेत. पत्रात भाच्याचा सीए इंटरचा निकाल तीनदा आलाय, मुलीचे अकरावीचे गुण एकदाही नाहीत. सीए व्हायचं तिने ठरवलं की तुम्ही, तेही नाही. तेव्हा समजवायचं कुणाला?

रेघ ओढता येत नाही म्हणून चित्रावर बोलू नये, हा गैरसमज आधी सोडा. छापील कॉमिकमध्ये धक्का पान उलटल्यावर बसतो. मोबाइलवर पान नसतं, वाचक बोटाने वर सरकवत जातो. म्हणून दोन चौकटींमध्ये मोकळी जागा सोडतात. जागा जितकी लांब, तितका वेळ गेल्यासारखा वाटतो. ती कमी पडली की गुपित आधीच्या चौकटीसोबतच स्क्रीनवर दिसतं आणि प्रसंग फुसका होतो. मुलीने नेमकं हेच लिहिलंय: ‘दार उघडायच्या आधीच आतला माणूस दिसतो.’ मराठी अनुवादात संवादांच्या फुग्यांतला मजकूर कोंबल्यासारखा दिसतो, हेही तिने टिपलंय. इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी ओळी बसवल्या की वर वेलांट्या-रफार, खाली उकार. दोन ओळींत अंतर जास्त लागतं. मग टाइप बारीक करतात आणि फोनवर वाचता येत नाही. हे पकडायला हात लागत नाही, डोळा लागतो. संपादकाचा डोळा!

आता तिला कडू वाटेल असं. नुसत्या परीक्षणांवर पोट भरेल असं धरून चालू नये. शिवाय तिच्या लेखात पाऊण भाग गोष्ट सांगण्यात जातो आणि शेवटी ‘आर्ट मस्त’. एक भाग तीनदा वाचावा. आधी नुसता. मग फुगे बोटाने झाकून: कोण चिडलंय, कोण खोटं बोलतंय, हे चेहऱ्यांवरून कळतं का? तिसऱ्यांदा चौकटी मोजत. काढून टाकल्या तरी काही बिघडणार नाही अशा किती? गोष्ट चार ओळींत उरकून बाकी जागा या नोंदींना द्यावी. पहिल्या दोन भागांवरून मालिकेचा निकाल लावू नये, तोवर चित्रकाराचा हात बसलेला नसतो.

यूसीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा आणि बीएफएची, म्हणजे चित्रकलेच्या पदवीची सीईटी, दोन्हीकडे चित्र काढावंच लागतं. ती तिची वाट नाही. कॉमर्सवरून मास मीडिया किंवा साहित्यातलं बीए मुंबईतच करता येतं. तिथून कथा-संपादन, अनुवाद, लेटरिंगची (फुग्यांत अक्षरं बसवण्याची) तपासणी अशी कामं मिळू शकतात, सुरुवातीला बहुधा फुटकळ.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्याआधी वहीचे फोटो काढल्याचं तिला सांगा. ते मी पाहिलेत, हेही.