नऊ टक्के आले, बाकीचं काय?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी संगणकावर झाली, तिचा तुझा निरोप मिळाला. "सर, साम्य ९ टक्केच आलं, सुटलो!" कशातून सुटलो रे?

दंडातून, हे खरं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा, ६० पर्यंत वर्षभर थांबायचं, त्यापुढे नोंदणीच रद्द. पण यंत्र जुळवतं ते शब्द. तिसऱ्या प्रकरणातली उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, कर्जाची मांडणी मी कुठे वाचलीय ठाऊक आहे? आपल्या ग्रंथालयातल्या एका टंकलिखित प्रबंधात. तो तूच मला आणून दाखवला होतास. तळटीप घाईत राहिली असेल, टाक. ('संदर्भ : इंटरनेट' हेही काढ, बाबा.)

माझं खरं दुखणं परिशिष्टात आहे. ऊसतोड कामगारांचे १२० फॉर्म, त्यातल्या शेवटच्या पंचवीसांवर एकच तारीख आणि सगळी उत्तरं आखून काढल्यासारखी. पहाटे अंधारात फडात जाणारी आणि संध्याकाळी कोपीवर, आपल्या झोपडीवर आली की चूल पेटवणारी माणसं एका दिवसात पंचवीस मुलाखती देत नाहीत. मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, टोळ्या गावी गेल्या आणि तुझे फॉर्म अपुरे राहिले. असंच ना?

मला कळतं, कारण मीही ते केलंय. एम.फिल.ला अकरा प्रश्नावल्या खोलीवर बसून भरल्या. कुणाला कळलं नाही, पदवी मिळाली. काही वर्षांनी एक मुलगा त्याच वस्तीत काम करायला गेला. त्याचे आकडे माझ्याशी जुळेनात. त्याला वाटलं, आपलंच चुकलं. महिनाभर तो पुन्हा घरोघर हिंडला, आणि मला भेटून शंका विचारली तेव्हा मी त्याला चहा पाजला. बोललो काहीच नाही.

अमेरिकेतल्या शैक्षणिक सचोटी केंद्रानं १९९९ मध्ये पाच मूल्यं सांगितली : प्रामाणिकपणा, विश्वास, न्याय्यता, आदर, जबाबदारी. २०१४ मध्ये त्यात सहावं घातलं, धैर्य. वर्गात ही यादी मी भराभर सांगून मोकळा होतो, पण सहाव्यापाशी अडखळतो. त्या दिवशी चहाच्या कपापुढे मला तेवढंच कमी पडलं होतं.

सोमवारी गठ्ठा घेऊन ये. ते पंचवीस बाजूला काढू आणि ९५ वर तक्ते नव्यानं करू. टक्केवारी हलेल, एखादा निष्कर्षही लंगडा पडेल, पडू दे. टोळ्या परतल्यामुळे नमुना अपुरा राहिला, हे अभ्यासाच्या मर्यादांमध्ये सरळ लिही. मौखिकीत बहिःस्थ परीक्षक त्यावर बोट ठेवतीलच. उत्तर तू द्यायचंस. मी शेजारी बसलेला असेन.

तुझे सर