विंडोजवर सुपर मारिओ ६४ या गेमचा डीकंपाइल केलेला (तयार गेमवरून परत लिहून काढलेला) कोड बिल्ड करताना, म्हणजे त्यातून गेम तयार करताना, 'बेसरॉम सापडत नाही' असं का येतं?

भाऊ, आधी रॉम, म्हणजे गेमच्या कार्ट्रिजमधल्या डेटाची फाइल, तपासा. बेसरॉम म्हणजे तीच मूळ रॉम. या कोडसोबत चित्रं-आवाज येत नाहीत. बिल्डच्या वेळी ते तुमच्या स्वतःच्या कार्ट्रिजच्या रॉममधून काढले जातात. अमेरिकन आवृत्तीची ८ एमबीची फाइल मुख्य फोल्डरमध्ये 'बेसरॉम डॉट यूएस डॉट झेड६४' याच नावाने हवी. व्ही६४ या दुसऱ्या प्रकारच्या रॉम फाइलचं नुसतं नाव बदलून भागत नाही, तिच्यात बाइटांची जोडी-जोडी उलटी असते.

डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबंटू हे लिनक्स घ्या. बिल्ड-इसेन्शियल, गिट, पायथन ३, मिप्सचे बिनयुटिल्स (गेमच्या कन्सोलमधल्या मिप्स प्रोसेसरसाठीची साधनं) टाका. रेपो (कोडचा फोल्डर) सी ड्राइव्हवर नको, लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच क्लोन करा (उतरवून घ्या), वेगात फार फरक पडतो. आपल्या जळगावकडे उन्हाळ्यात मध्येच लाइट जाते. त्यामुळे बिल्डची फाइल अर्धवट राहिली तर 'मेक क्लीन' ही आधीचं बिल्ड पुसणारी आज्ञा देऊन बिल्ड परत चालवा. चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळून 'ओके' आलं, की तयार झालेला रॉम मूळच्याशी बाइट-न्-बाइट सारखा.