एमआरआयमध्ये पांढरे डाग आलेत, न्यूरोची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर काय करू?

तुम्ही लिहिलंय की मेंदूच्या एमआरआय रिपोर्टात 'नॉनस्पेसिफिक' (म्हणजे नक्की कशाचे ते न सांगणारे) पांढरे डाग आहेत, खाली 'डिमायलिनेशन नाकारता येत नाही, क्लिनिकल कोरिलेशन करावे' असं वाक्य आहे (डिमायलिनेशन म्हणजे नसांवरचं आवरण खराब होणं), आणि तेव्हापासून झोप उडालीय. मी डॉक्टर नाही. पाचोऱ्यात मोटारी रिवाइंड करतो. पण हेच वाक्य माझ्याही रिपोर्टात होतं, आणि त्याच्यावर मी वर्षाहून जास्त काढलंय.

एप्रिल होता. आमच्याकडे एप्रिल म्हणजे मोटारी जळायचा सीझन. केळीला पाणी हवं, व्होल्टेज नाही, दुकानासमोर मोटारींची रांग. स्टेटरच्या खाचेत कॉइल बसवत होतो, तर उजव्या हाताच्या दोन बोटांना तार लागेचना. डोळ्यांना दिसत होती, बोटांना नव्हती. ऊन बाधलं म्हणून सोडून दिलं. आठवड्याने पायाला मुंग्या सुरू झाल्या, तेव्हा जळगावला जाऊन एमआरआय काढला. रिपोर्ट एका डॉक्टरांनी उभ्याउभ्या वाचला, 'एमएस असू शकतो' म्हणाले (एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होणारा आजार) आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला जिना उतरताना कठडा धरावा लागला, तो पायामुळे की त्या दोन अक्षरांमुळे, देव जाणे.

त्या रात्री मोबाइलवर काय काय वाचलं ते सांगत नाही, तुम्हीही तेच वाचलं असणार. दोन वाजता उठून फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि पेन्सिलीने ठिपके मोजले. चौदा भरले. दुसऱ्या रात्री सतरा. पुढे नाशिकच्या न्यूरोफिजिशियन बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, यातले निम्मे डागच नाहीत, रक्तवाहिन्यांभोवती पाणी असतं त्या जागा आहेत. म्हणून सांगतो, फिल्म कपाटात ठेवा. ती वाचणं आपलं काम नाही.

'क्लिनिकल कोरिलेशन' मला माझ्या धंद्यावरून समजलं. शेतकरी मोटार आणतो, मी मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावतो, रीडिंग एक मेगओहमच्या खाली येतं. म्हणजे वाइंडिंग गेलं का? असेलही. पण ओल धरली असेल, टर्मिनलवर कचरा असेल, केबलचा जॉइंट पाणी पीत असेल. म्हणून मी विचारतो, किती वेळ चालली, कधी ट्रिप झाली, आवाज कसा होता. मोटार वाळवतो आणि परत रीडिंग घेतो. रेडिओलॉजिस्टने फक्त रीडिंग घेतलंय, मोटार चालताना पाहिलेली नाही. त्याला जे चित्रात दिसलं ते त्याने लिहिलं, आणि उरलेलं ज्याने तुम्हाला तपासायचं त्याच्यावर सोडलं.

असे बारीक डाग अर्धशिशी असलेल्यांत दिसतात, बीपी-शुगरवाल्यांत दिसतात, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत दिसतात, वय वाढलं की वाढतात, आणि काही त्रास नसलेल्या माणसातही सापडतात. एमएस ठरवायला 2001 पासून मॅकडोनाल्ड निकष वापरतात, ते मधूनमधून सुधारले जातात. त्यात नुसती डागांची संख्या चालत नाही. डाग मेंदूच्या ठरावीक जागी आहेत का, मणक्यातल्या मज्जारज्जूत आहेत का, वेगवेगळ्या वेळी आलेत का, हे बघतात. लागलंच तर पाठीतून पाणी काढून त्यात ऑलिगोक्लोनल बँड (ठरावीक प्रथिनांच्या रेघा) शोधतात. आणि एमएसचा झटका म्हणजे निदान 24 तास टिकलेला त्रास. दोन मिनिटं हात बधिरला, तो त्यात धरत नाहीत. मला हे आधी कळलं असतं तर मी दिवसातून चाळीस वेळा बोटं चोळत बसलो नसतो. (रिपोर्टात 'रिंग एन्हान्सिंग', म्हणजे औषध टोचून काढलेल्या फोटोत कड्यासारखा उजळणारा डाग, असा शब्द असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे ती टीबीची गाठ किंवा जंताची गाठ असू शकते. तसं असेल तर तीन आठवडे थांबू नका, दवाखान्यात फोन करून आधीची वेळ मागा.)

या तीन आठवड्यांत एक वही करा. त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, कुठे, किती तास किंवा दिवस टिकला, ताप होता का. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो का, एका डोळ्याने रंग फिके दिसतात का, तेही लिहा. माझ्या वहीत 'दुपारी उन्हात बोटं जास्त बधिर' असं चारदा होतं. बाईंनी त्याच्याखाली रेघ मारली. आवरण खराब झालेली नस गरम झाली की सिग्नल नीट नेत नाही म्हणे. पण 45 डिग्रीत जळगाव जिल्ह्यात कोण धडधाकट असतो, असंही त्याच म्हणाल्या.

दुसरं, कोणी 'ताकदीचं इंजेक्शन घेऊन टाक' म्हणालं तरी आधी बी-12 ची रक्ततपासणी करा. इंजेक्शननंतर तो आकडा वर दिसतो आणि खरं कारण झाकलं जातं. आमच्या घरात माळ आहे, मटण-अंडी काही नाही, आणि माझं बी-12 तळाला गेलेलं निघालं. स्टेरॉइडही न्यूरोवाल्यांनी बघितल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. आणि अचानक तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी पडली, बोलता येईना, फिट आली, डोळ्याने दिसेनासं झालं किंवा लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता 108 लावा.

घरी कोणाला सांगावं हे विचारलंय तुम्ही. मी आधी फक्त बायकोला सांगितलं, पण आईला कळलंच. ती म्हणाली, "डाग ते चंद्रवर बी शेतस. कसाले रडस तू?" मी रडत नव्हतो. पण नंतर रडलो, आणि त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. नातेवाइकांना मात्र निदान झाल्यावरच सांगा. माझ्या एका मावसभावाने फोनवरच माझी चाकाची खुर्ची ठरवून टाकली होती.

माझं पुढे असं झालं. मणक्याचा एमआरआय स्वच्छ आला. बी-12 ची इंजेक्शनं घेतली, बोटं हळूहळू बरीचशी परत आली. सहा महिन्यांनी त्याच सेंटरला, त्याच मशीनवर परत एमआरआय केला, नवा डाग नाही, जुने आहेत तसेच. बाई म्हणाल्या, एमएस बसत नाही, पण मी फाइलवर नावही लिहीत नाही, वर्षाने परत बघू. म्हणजे नाव अजून मिळालेलं नाही. पहिले दोन-तीन महिने ते फार टोचायचं. आता सीझन आला की आठवणही राहत नाही, आणि पाऊस लागून दुकानात शुकशुकाट झाला की परत आठवतं.

जाताना सीडी विसरू नका. नुसत्या कागदावर आणि फिल्मवर न्यूरोवाल्यांचं समाधान होत नाही. माझी घरी स्टॅबिलायझरखाली राहिली होती, आणि बिचारा मेहुणा ती घेऊन मागच्या गाडीने नाशिकला आला.