निपाणीत बसून गेम इंजिनमध्ये मराठी शॉर्ट फिल्म करता येईल का?

तुम्ही विचारलंय की निपाणीत राहता, कॅमेरा नाही, नट नाहीत, लॅपटॉप साधाच आहे, तर गेम इंजिनमध्ये, म्हणजे व्हिडिओ गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी शॉर्ट फिल्म जमेल का.

नक्की जमेल. फक्त इंजिन शिकायला बसण्याआधी संवाद रेकॉर्ड करून घ्या, असं मी बेळगावातल्या प्रत्येक नवख्याला सांगतो.

या प्रकाराला मशिनिमा म्हणतात. 1996 साली क्वेक या गेममध्ये पोरांनी पहिल्या छोट्या फिल्म केल्या. 2003 मध्ये हेलो गेमवर 'रेड व्हर्सेस ब्लू' ही मालिका आली. त्यातले सगळे सैनिक हेल्मेट घातलेले, म्हणजे तोंड हलताना दिसायचा प्रश्नच नाही. बोलणारा तेवढा डोकं हलवतो, बाकीचे गप्प उभे. एवढ्यावर ती मालिका वीस वर्षं चालली, कारण आवाज आणि संवाद पक्के होते.

आणि आवाजांना आपल्या भागात तोटा नाही! गणपतीतल्या नाटकांत काम केलेला एखादा काका, एखादी मावशी प्रत्येक गल्लीत सापडते. त्यांना पुण्याची मराठी बोलायला लावू नका. "काय करूलास रे, बस गेली की!" हे खानापूरकडच्या माणसाच्या तोंडून कानडी हेलासकट येऊ दे. इंजिन डोंगर देईल, पाऊस देईल, हा हेल देणार नाही. रेकॉर्डिंगला फोन चालतो. लहान खोली घ्या आणि भिंतींवर वाकळा टांगा, घुमणारा आवाज बराच कमी होतो. पावसाळ्यात कौलारू घर मात्र टाळा.

मग तो आवाज अनरियल या गेम इंजिनच्या सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे सीन वेळेनुसार मांडायच्या पट्टीवर, टाकून त्यावर इंजिनातले कॅमेरे लावत जायचं. साध्या लॅपटॉपवर सीन अडकत अडकत चालेल, त्याला घाबरू नका. शेवटचं रेंडरिंग, म्हणजे सीनमधून पक्की चित्रं काढणं, एकेक फ्रेम करून होतं, वेळ लागला तरी फिल्म सलगच दिसते. ते थेट व्हिडिओत न काढता सुट्या चित्रांच्या रूपात काढा. लाईट गेली तरी झालेल्या फ्रेम राहतात, पुढच्या फ्रेमपासून परत चालू करता येतं. ग्राफिक्स कार्डच नसेल तर अनरियल 5 चा हट्ट सोडा. 2012 मध्ये आलेलं सोर्स फिल्ममेकर हे गेममधली पात्रं घेऊन फिल्म करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्या मानानं हलकं.

फुकट मिळणाऱ्या सेटमध्ये युरोपातले किल्ले भरपूर असतात, जांभ्याची भिंत क्वचितच. ती आपणच करायची. ढगाळ दिवशी भिंतीचे चहूबाजूंनी, एकमेकांवर येतील असे फोटो काढा. रिअॅलिटीस्कॅन अॅप त्यांचं थ्रीडी मॉडेल करून देतं.

हक्कांचंही बघून ठेवा. तयार गेममधली दृश्यं कंपनीच्या मालकीची असतात, पैसे कमवायचे असतील तर तिचे नियम आधी वाचा. अनरियलमध्ये स्वतःचं जग उभं केलंत तर फिल्मवर रॉयल्टी नाही.

पहिल्या फिल्मला दोन पात्रं आणि बसस्टॉप पुरे. संवाद लिहून झाले की इथंच टाका, मी वाचेन.