जावात डेटचं लोकलडेट करताना तारीख एक दिवस मागे का जाते?

जुन्या डेटचं लोकलडेट (वेळ आणि झोन नसलेली नुसती तारीख) कसं करायचं, याचं एका ओळीत उत्तर मागितलंय, तर ओळ ही: टूइन्स्टंट(), मग अ‍ॅटझोन(), मग टूलोकलडेट(). पण तुमची तारीख मागे सरकतेय ती अ‍ॅटझोनच्या कंसात भरलेल्या गोष्टीमुळे. तिथे सिस्टिमडिफॉल्ट(), म्हणजे कोड चालतोय त्या मशीनचा टाइमझोन, असणार, पैज लावतो.

जुन्या डेटच्या पोटात तारीख नसतेच. 1 जानेवारी 1970 च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद, एवढंच. छापल्यावर जो झोन दिसतो तो टूस्ट्रिंग()ने ऐन वेळी चिकटवलेला, जेव्हीएमचा, म्हणजे जावा चालवणाऱ्या यंत्रणेचा. टोकियोच्या झोनमध्ये 1 मार्च 1990 ही जन्मतारीख मध्यरात्र धरून साठवली, की यूटीसीत ती 28 फेब्रुवारीची दुपार, 3 वाजताची. यूटीसीवर चालणारा सर्व्हर ती वाचतो आणि माणूस एक दिवस आधी जन्मतो. टोकियोच्या झोनमधल्या लॅपटॉपवर मात्र सगळं बरोबर.

यावर "12 तास जोडून टाका, तारीख कुठेच सरकणार नाही" म्हणणारे मला कोड रिव्ह्यूत नेहमी भेटतात. सरकते! यूटीसीत दुपारचे 12 वाजतात तेव्हा ऑकलंडमध्ये दुसरा दिवस लागलेला असतो. तिथलं घड्याळ यूटीसीच्या एरवी 12 तास पुढे, उन्हाळ्यात 13. हे ठिगळ आहे, दुरुस्ती नव्हे. साठवताना जो झोन धरला तोच वाचताना नावानिशी द्या: झोनआयडी.ऑफ("एशिया/टोकियो"). नुसता ऑफसेट (यूटीसीपासूनचा तासांचा फरक) लिहू नका, डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं) असलेल्या ठिकाणी तो अर्धं वर्ष चुकीचा ठरतो.

खरं तर जन्मतारीख डेटमध्ये ठेवायचीच कशाला? लोकलडेट 2014 पासून, म्हणजे जावा 8 पासून आहे, आणि जेडीबीसी (जावाला डेटाबेसशी जोडणारी सोय) 4.2 चा ड्रायव्हर गेटऑब्जेक्टला लोकलडेटचा क्लास दिला की थेट तेच देतो. मधे मिलिसेकंद येतच नाहीत, मग झोनचं भांडणही नाही.

उलट्या दिशेने जायचं तर अ‍ॅटस्टार्टऑफडे(झोन), टूइन्स्टंट(), मग डेट.फ्रॉम(). कंसात झोन विसरलात तर हाती लोकलडेटटाइम येतं आणि त्याचं टूइन्स्टंट() ऑफसेट मागत बसतं.

हो, एक राहिलंच: तुमचं डेट जावा.एसक्यूएलमधलं असेल तर वरची ओळ चालणार नाही, टूइन्स्टंट() अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन फेकतं. त्याचं स्वतःचं टूलोकलडेट() वापरा. आणि 15 ऑक्टोबर 1582 च्या आधीच्या तारखा असतील तर यातलं काहीच डोळे झाकून वापरू नका; जुन्या डेटचं कॅलेंडर तिथे ज्युलियन (आजच्या ग्रेगोरियनच्या आधीचं) बनतं, लोकलडेटचं बनत नाही.