गोव्यात घरभाड्यासाठी अजूनही धनादेश का मागतात? ते बंद होणार नाहीत का?

धनादेशांचा वापर घटला आहे, पण रिझर्व्ह बँकेने ते बंद केलेले नाहीत. २०१६ मध्ये यूपीआय आले, डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीही चोवीस तास सुरू झाले आणि बँकेच्या वेळा सांभाळण्याचे कारण उरले नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवून ठेवायची) सुकी मासळी विकणारी बाईसुद्धा क्यूआर कोडचा पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपलीला टेकवून ठेवते.

घरमालक पुढील तारखांचे धनादेश मागतात ते मुख्यतः धाक म्हणून, कारण देय रकमेचा धनादेश खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी खटला भरता येतो. (खात्यातून आपोआप वळत्या होणाऱ्या हप्त्यांसाठी अशीच तरतूद २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात आहे, घरमालकांना ती सहसा ठाऊक नसते.)

माझ्या मते दरमहा यूपीआयने भाडे द्यावे. धनादेश द्यावाच लागला तर तारीख व रक्कम कोरी न सोडता त्याचा क्रमांक भाडेकरारात नोंदवून घ्यावा. त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांनंतर तो वटत नाही.